पाठवणाऱ्याचा पत्ता

३ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरांनी रोजचं ब्लडप्रेशर लिहून ठेवायला सांगितलं म्हणून ही वही घेतली. आज १५०/९४. एवढ्याने पान भरत नाही, आणि अर्धवट पान मला बघवत नाही. शिवाय आज असं काही झालंय जे हिला सांगायचं नाही असं साहेबांनी बजावलंय. एकतीस वर्षांच्या संसारात हिच्यापासून काही लपवलेलं नाही, सिगारेट सोडली तर. म्हणून वहीला सांगतो.

टपालाचा बटवडा संपवून पोस्टात आलो तर पोस्टमास्तर साहेबांसमोर एक बाई बसल्या होत्या. बालसंरक्षण कार्यालयातल्या चौकशी अधिकारी. माझ्या बीटमधलं शेवटचं घर, निळ्या फाटकाचं, मेडिकलवाल्यांचं. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीच्या दंडावर शाळेतल्या बाईंना वळ दिसले. कुणी मारलं ते पोरगी सांगत नाही. आई म्हणते पडली, बाप म्हणतो मला ठाऊक नाही. तर तीस दिवस त्या घराला जे टपाल येईल ते पाकीट न उघडता नोंदवायचं. तारीख, कुणाच्या नावे, पाठवणाऱ्याचं नाव, पाठवणाऱ्याचा पत्ता, शेरा. घरच्यांना कळू द्यायचं नाही.

मी विचारलं, "नुसत्या पाकिटावरून काय कळणार, मॅडम?"

"वकिलाचं पाकीट, दवाखान्याचं पाकीट, दारू सोडवणाऱ्या केंद्राचं पाकीट. बरंच कळतं. फक्त रकाने रिकामे ठेवू नका, काका. रिकामा रकाना माझ्या काही उपयोगाचा नाही."

साहेबांनी आखलेली वही दिली. वर लाल शाईत 'गोपनीय'. साहेब म्हणाले, "तुमचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून तुम्हालाच." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पोरीला मी ओळखतो. फाटकाच्या खालच्या दांडीवर उभी राहून झुलत असते. मी तिला चिमणी म्हणतो. तिच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे?

५ ऑक्टोबर, गुरुवार

विजेचं बिल, औषध कंपनीचं मासिक. दोन्ही साहेबांच्या नावे. म्हणजे मेडिकलवाल्यांच्या.

गोळ्या घ्यायला त्यांच्याच दुकानात गेलो. मनात चोर, त्यामुळे नजर वर होईना. त्यांनी स्टुलावर बसवलं, स्वतःच्या हाताने पट्टा बांधून प्रेशर बघितलं. १५६. "काका, मीठ कमी करा आणि चिंता त्याहून कमी करा." पैसे विचारले तर हात जोडतात. असा माणूस. जाता जाता म्हणाले, "घरचं काही आलं तर इथे दुकानातच टाकत जा. हिच्या हातून फार गोष्टी हरवतात हो. तब्येत बरी नसते तिची. डोक्याची." शेवटचा शब्द हळू आवाजात.

बिचारा.

९ ऑक्टोबर, सोमवार

आज त्यांची बायको भेटली. घरी नाही. दोन गल्ल्या अलीकडे, बेकरीच्या मागे, माझी वाट बघत उभी होती. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या, केस एका गालावर ओढलेले. बाईचं खरंच काहीतरी बिनसलंय.

"काका, माझ्या नावाचं पत्र आलं तर घरी देऊ नका."

"दुकानात देऊ?"

"नको!" एवढ्या जोरात म्हणाली की बेकरीवाल्याने मान बाहेर काढली. मग हळू म्हणाली, "पोस्टातच ठेवता येतं ना? मी येऊन घेईन."

येतं. तसा अर्ज असतो, तो मीच भरून दिला, तिने सही केली. "कुणाला सांगणार नाही ना?"

"ताई, पोस्टाच्या पोटात सगळं राहतं," मी म्हणालो.

आणि ऑफिसात येऊन शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'पत्नीने स्वतःचे टपाल घरी न देण्याची विनंती केली आहे.' लिहिताना कसंसंच झालं. पण हुकूम हुकूम असतो, आणि नवऱ्यापासून चोरून पत्रं मागवणारी बाई पोरीला सांभाळते कशी, हे चौकशीवाल्यांना कळायला नको?

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आलं पत्र. साधं पाकीट, हाताने लिहिलेलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. मागच्या बाजूला फक्त पोस्ट बॉक्सचा क्रमांक, शेजारच्या शहराचा. पुरुषाचं अक्षर वाटलं मला. पत्त्याचा रकाना रिकामा.

रिकामा रकाना तिथे बसून माझ्याकडे बघत होता. जेवताना, झोपताना तोच.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सापडला! त्या शहराच्या सॉर्टिंगला माझ्याबरोबर भरती झालेला मित्र आहे. आम्ही त्याला अजून लांब्या म्हणतो. फोन लावला. असं सांगायचं नसतं, पण लांब्याने दहा मिनिटांत बॉक्स कुठल्या पत्त्यावर दिलाय ते काढलं. तळ्याकाठची जुनी विणकाम शाळा, मागचं दार. सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं. विणकाम शाळा बंद पडून वर्षं झाली म्हणे. तिथे राहणारा हा कोण गृहस्थ? जाऊ दे, शोधणं त्यांचं काम.

मॅडम खूश होतील.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

ती आली, चिमणीला घेऊन. पत्र घेतलं आणि डिंकाच्या टेबलापाशी उभ्याउभ्याच वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. मग पाकीट आणि तिकीट मागून तिथेच उत्तर लिहिलं. तिकीट मीच चिकटवलं.

चिमणी काउंटरला हनुवटी टेकवून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला एक सांगू? आमची पिशवी भरलीय. माझे सँडलसुद्धा आत आहेत. बाबांना सांगायचं नाही."

आई गर्रकन वळली. चेहरा कागदासारखा. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण ऐकलं होतं. तेही शेऱ्यात लिहिलं, आणि तिने पाठवलेल्या पत्राचीही नोंद केली, तशी मागितली नव्हती तरी. नवरा इतका भला, आणि ही पोरीला घेऊन कुणाबरोबर तरी जायला निघालेली. आजचं प्रेशर १६०.

२ नोव्हेंबर, गुरुवार

तीस दिवस भरले. एकूण चौदा नोंदी, त्यातली तीन पत्रं त्या पत्त्यावरून. पत्त्याचा एकही रकाना रिकामा नाही. मॅडम वही चाळून म्हणाल्या, "अशी नोंद मला आजवर कुणी दिली नाही." साहेबांनी चहा मागवला.

७ नोव्हेंबर, मंगळवार

काय लिहू.

हुकूम संपला म्हणजे आता सांगायला हरकत नाही, असं समजून आज हिला सांगितलं. खोटं बोलणार नाही, चवीने सांगितलं. ही भाजी चिरत होती. मेडिकलवाल्याची बायको कशी निघून जायच्या बेतात आहे ते सांगत होतो आणि हिची सुरी थांबली.

"बाह्या कुठपर्यंत म्हणालात?"

"मनगटापर्यंत."

"आणि केस?"

"असे. एका गालावर. का?"

"आणि पत्र घरी नको, दुकानात तर नकोच." ही उठली. ताट तसंच ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. "अहो, ती कुणाबरोबर नाही हो जात. त्याच्यापासून जातेय. माझी मोठी बहीण आठ वर्षं अशाच बाह्या घालायची. तुम्हाला तेव्हाही कळलं नव्हतं."

मी म्हणालो, तो तसा माणूस नाही, माझं प्रेशर बघतो. हिची खात्री पटवायला लांब्याला फोन लावला. विणकाम शाळेत कोण राहतं?

"बायकांचं काहीतरी आहे," तो म्हणाला. "दारावर पाटी नाही. आमच्या पोस्टमनलासुद्धा आत घेत नाहीत, म्हणून तर बॉक्स घेतलाय. का रे?"

ही शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवला तेव्हा म्हणाली, "तो पत्ता कुणाकुणाला दिलात?"

८ नोव्हेंबर, बुधवार

अर्धी रजा टाकून बालसंरक्षण कार्यालयात गेलो. मॅडमच्या टेबलावर एवढ्या फायली की मॅडम दिसेनात. एक्केचाळीस घरं आहेत त्यांच्याकडे, एकट्या आहेत.

म्हटलं, "माझ्या वहीतला एक पत्ता खोडायचाय."

"काका, वही फाईलला लागली. आता शाईचा ठिपका हलवता येत नाही."

"पण वर गोपनीय लिहिलंय ना?"

"गोपनीय म्हणजे बाहेरच्यांपासून. आईबाप बाहेरचे नाहीत. सुनावणीआधी दोघांनाही फाईलची नक्कल जाते. तसा नियमच आहे."

मग मी तो पत्ता कशाचा आहे ते सांगितलं. त्यांनी फाईल ओढून काढली, पान उघडलं.

"तुम्हाला हा पत्ता शोधायला कुणी सांगितलं होतं?"

"रिकामा रकाना उपयोगाचा नाही म्हणाला होतात."

"पाकिटावर जे आहे ते लिहा म्हणाले होते!" आवाज चढला, मग एकदम उतरला. वरिष्ठांना विचारते म्हणाल्या. आत गेल्या, बाहेर आल्या. पुराव्यातलं पान एका पक्षापासून लपवलं तर सगळी चौकशीच रद्द होते म्हणे. मी उठेपर्यंत त्या त्याच पानाकडे बघत होत्या.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सॉर्टिंगला माझ्या गठ्ठ्यात दोन जाड रजिस्टर पाकिटं. बालसंरक्षण कार्यालय. एक मेडिकलवाल्यांच्या नावे, एक त्यांच्या बायकोच्या. बाईंचं पोस्टात राखून ठेवायचं. मेडिकलवाल्यांचं माझ्या पिशवीत.

एकतीस वर्षांत एक पत्र उशिरा दिलं नाही. आज 'घर बंद' असा खोटा शेरा मारून ते परत आणलं, आणि शाळा सुटायच्या वेळी शाळेच्या फाटकापाशी जाऊन बाईची वाट बघत उभा राहिलो. ती आली. मी सगळं सांगितलं, वहीपासून लांब्यापर्यंत. एकदम सांगितलं, नाहीतर जीभ उचलली नसती.

वाटलं होतं ओरडेल, शिव्या देईल. ती शाळेच्या पायरीवर बसली. "सोमवारी जायचं होतं," म्हणाली. "तो माल आणायला जातो सोमवारी."

माझ्या फोनवरून तिने विणकाम शाळेतल्या बायकांना फोन लावला. मी लांब उभा राहिलो तरी तिचं बोलणं ऐकू येत होतं. "हो. पत्ता लिहिलाय. हो, दारासकट." मग नुसतं "हो", "कळलं", "हो".

फोन परत देताना म्हणाली, "तिथे नऊजणी आहेत, काका. पोरं वेगळी. आता त्या सगळ्यांना दुसरीकडे हलवणार. पत्ता फुटलेल्या घरात नवीन कुणाला घेत नाहीत. तीन आठवडे थांबा म्हणाल्या."

"मी ते पाकीट देतच नाही. हरवलं म्हणून सांगतो. नोकरी गेली तरी बेहत्तर."

"तो ऑफिसात जाऊन दुसरी नक्कल घेईल. आणि मीच हरवायला लावलं म्हणेल." शाळेची घंटा झाली तशी ती उठली, तोंड पुसलं, केस नीट गालावर ओढले. "द्या तुम्ही. फक्त दुकानात द्या. चार माणसं असतात तिथे."

"बहिणीकडे, आईकडे, कुठे तरी?"

"ते पत्ते त्याला आधीपासून पाठ आहेत."

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानात दिलं. दोन गिऱ्हाईकं होती. त्यांनी सही केली, कात्रीने पाकीट सरळ रेषेत कापलं आणि पानं उलटत गेले. माझ्या पानांपाशी आले. रकान्यावरून बोट खाली खाली नेलं. ते बोट कुठे थांबलं ते मी बघितलं.

मान वर करून हसले. "काका, अक्षर सुंदर आहे हो तुमचं."

२१ नोव्हेंबर, मंगळवार

निळं फाटक चार दिवस बंद. बाई पोस्टात आली नाही, तिचं पाकीट तसंच पडून. चिमणी शाळेत नाही, ही जाऊन विचारून आली. पोलीस चौकीत गेलो. तक्रार कोणाची, तुमचं नातं काय? नातं म्हटलं पोस्टमन. हवालदार हसला. पण वाईट माणूस नव्हता, घरापर्यंत एक चक्कर मारतो म्हणाला. मारलीही. बाई दारात आली, सगळं ठीक आहे म्हणाली.

हिने विचारलं, "दारात आली तेव्हा मागे कोण उभं होतं, ते विचारलंत का त्याला?"

विचारलं नव्हतं.

५ डिसेंबर, मंगळवार

सुनावणी. मला साक्षीला बोलावलं. छोटी खोली, लांब टेबल, तीन सदस्य. बाई एका टोकाला, हातातला रुमाल घडी घालत, मोडत. नवरा दुसऱ्या टोकाला इस्त्रीच्या शर्टात, शेजारी वकील.

वकिलाने वही पुढे केली. "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"बाईंनी पत्रं घरी देऊ नका असं सांगितलं?"

"हो, पण..."

"मुलीने पिशवी भरलेली आहे असं तुमच्यासमोर सांगितलं? वडिलांना सांगायचं नाही, असंही?"

"सांगितलं. पण साहेब, त्यांच्या बाह्या..."

"काय?"

"उकाड्यात पूर्ण बाह्या घालायच्या."

खोलीत कुणीतरी खोकलं. मधले सदस्य म्हणाले, "पोस्टमन, तुम्ही पाहिलेलं सांगा. अंगावर काही खुणा प्रत्यक्ष पाहिल्यात?"

नाही पाहिल्या. बाह्यांच्या आतलं मी कसं बघणार? बाकी सगळं पाहिलं होतं आणि त्या सगळ्याचा अर्थ उलटा लावून शाईने लिहून दिला होता. हे सांगायला तोंड उघडलं, तर "एवढं पुरे."

चौकशीच्या मॅडमनी माझी बाजू, म्हणजे तिची बाजू मांडायचा प्रयत्न केला. तो पत्ता कशाचा आहे, बाई तिथे का जाऊ बघत होती. वकील म्हणाला, "तिथे कुणी राहत नाही. माझे अशील स्वतः जाऊन आले, घर रिकामं आहे." तो जाऊन आला होता. बाईने रुमाल मुठीत घट्ट धरला.

८ डिसेंबर, शुक्रवार

निकाल. वळ कुणी उठवले ते सिद्ध झालं नाही. मात्र चौकशी चालू असताना आई मुलीला घेऊन गुपचूप निघून जाण्याच्या तयारीत होती, हे टपाल नोंदीवरून सिद्ध झालं. म्हणून मुलगी तूर्त वडिलांच्या आईकडे. आईने पंधरा दिवसांतून एकदा, एक तास, आजीसमोर भेटायचं.

ही निकाल ऐकून स्वयंपाकघरात गेली आणि गॅस न पेटवता तशीच उभी राहिली. मी पाठीमागे जाऊन उभा राहिलो. "माझ्याशी बोल तरी," म्हटलं.

"काय बोलू? तुम्ही वाईट नाही आहात. तेच तर."

१२ डिसेंबर, मंगळवार

आजीचं घर माझ्याच बीटमध्ये, दवाखान्याच्या पुढच्या वळणावर. मुलगा रोज संध्याकाळी दुकान बंद करून तिथे जेवायला जातो, असं शेजारीण सांगत होती. कौतुकाने.

बाई आता स्टेशनरीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहते. नव्या जागेतून तिला बोलावणं आलं होतं. गेली नाही. गेली तर पंधरा दिवसांचा तो एक तासही जाईल.

१५ डिसेंबर, शुक्रवार

भेटीचा पहिला दिवस. मी बटवड्यावर होतो. ती आजीच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी. तीन वाजताची भेट, सव्वातीन झाले होते. "घंटा वाजवली. मुलीला ताप आहे म्हणाल्या, आतूनच."

माझ्याकडे त्या घराचं विजेचं बिल होतं. मी जाऊन घंटा वाजवली. "पोस्ट!" म्हटल्यावर दार उघडलं. बिल घ्यायला आजी बाहेर आली आणि तिच्या मागे चिमणी उभी होती. ताप असल्यासारखी दिसत नव्हती. तिने माझ्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे बघितलं. हाक मारली नाही. नुसती बघत राहिली. मग दार लागलं.

परत आलो तेव्हा बाई हसत होती, डोळे भरलेले. "दिसली. केस कापलेत तिचे. काका, उद्या आहे का हो काही या घराला?"

उद्या काहीच नव्हतं. मी म्हणालो, "आहे."

१८ डिसेंबर, सोमवार

शनिवारी चष्म्याच्या दुकानाचं जाहिरातपत्रक पाकिटात घालून, तिकीट लावून, आजीचा पत्ता घालून माझ्याच पिशवीत टाकलं. आज बियाण्यांची यादी. घंटा वाजवायची, "पोस्ट" म्हणायचं, आजीच्या सहीसाठी उगाच पेन शोधायचं. शनिवारी अर्धा मिनिट. आज जवळजवळ एक. चिमणीने आज हात थोडा वर केला, कमरेपर्यंत.

हे नियमात बसत नाही. हिला सांगितलं. हिने कपाटातून जुनी पाकिटं काढून दिली.

२० डिसेंबर, बुधवार

काल मासिकाचा नमुना अंक. आज शिवणयंत्राचं पत्रक. आज दार आजीने नाही, मेडिकलवाल्यांनी उघडलं. भर दुपारी दुकान सोडून. पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं, मागची बाजू बघितली, जिथे पाठवणाऱ्याचं काहीच नव्हतं. मग पलीकडे बघितलं. बाई विजेच्या खांबामागे गेली, पण खांब तो केवढा.

"बरीच पत्रं येतात हो आईला हल्ली," म्हणाले. "आणि तुम्ही प्रेशर दाखवायला येत नाही हल्ली."

२१ डिसेंबर, गुरुवार

बागकामाचं पत्रक घेऊन गेलो. ती माझ्याआधी येऊन उभी होती, आज चांगली साडी नेसून.

फाटकावर नवी कोरी टपालपेटी लावली होती. खिळ्यांभोवतीचा लाकडाचा भुसा अजून खाली पडलेला. वर लिहिलं होतं: पत्रे येथे टाकावीत, घंटा वाजवू नये.

मी पत्रक पेटीत टाकलं. ती पलीकडून बघत होती. सायकल घेऊन तिच्याजवळूनच जायचा रस्ता होता, दुसरा नव्हता.